साक्षीदार असेपर्यंत : माजी सैनिक, विद्यार्थी आणि रणभूमीची वाट

१. विषयाची मर्यादा

मराठीत ‘रणभूमी’ हा शब्द आता फार सैल झाला आहे. निवडणुकीची रणभूमी असते, तशी क्रिकेटचीही असते. मूळ अर्थाने मात्र रणभूमी म्हणजे नकाशावर बोट ठेवून दाखवता येणारी जमीन, जिला चढ-उतार आहेत, नाले-ओढे आहेत, आडोसे आहेत आणि जिच्यावर एका ठरावीक दिवशी माणसे लढली व पडली आहेत. या व्याख्यानाचा विषय ही दुसऱ्या अर्थाची रणभूमी आणि तिच्यापर्यंत पोचण्याची एक विशिष्ट रीत हा आहे : ज्यांनी युद्ध केले ते माजी सैनिक आणि ज्यांनी ते पाठ्यपुस्तकात किंवा पडद्यावर पाहिले ते विद्यार्थी यांनी त्या जमिनीवर एकत्र जाणे.

येथे दोन संज्ञा वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. सैन्यदलांतील सेवा पूर्ण करून बाहेर पडलेल्या व्यक्तीला ‘माजी सैनिक’ म्हटले जाते; परंतु प्रत्येक माजी सैनिकाच्या सेवाकाळात युद्ध झालेले असतेच असे नाही. प्रत्यक्ष लढाईत भाग घेतलेल्याला, मग तो बंदूकधारी असो, बिनतारी यंत्र सांभाळणारा असो वा जखमींना खाली आणणारा असो, या विवेचनात ‘युद्धसाक्षी’ म्हटले आहे. दोघांचे काम वेगळे आहे : युद्धसाक्षी घडलेले सांगतो, तर माजी सैनिक, तो त्या लढाईत नसला तरी, जमीन वाचायला शिकवतो. प्रस्तुत प्रतिपादन असे की, अशा सहप्रवासाला तीर्थयात्रा किंवा सहल न मानता इतिहासाचे साधन तपासण्याची एक पद्धत मानले पाहिजे, आणि ही पद्धत साक्षीदार हयात असेपर्यंतच पूर्णपणे वापरता येते.

२. बोलती स्मृती आणि कोरलेली स्मृती

यान आसमान या जर्मन अभ्यासकाने समाजाच्या स्मृतीचे दोन प्रकार मानले आहेत. एक माणसामाणसांतील बोलण्यातून टिकते. आजोबांनी पाहिलेले नातवाला सांगितले, एवढाच तिचा आधार असतो, आणि तिचे आयुष्य सुमारे तीन-चार पिढ्यांचे, म्हणजे ऐंशी ते शंभर वर्षांचे असते. हिला मराठीत ‘बोलती स्मृती’ म्हणता येईल. दुसरी स्मृती ग्रंथ, शिलालेख, स्मारके, सण आणि विधी यांच्या आधाराने शतकानुशतके टिकते. तिला ‘कोरलेली स्मृती’ म्हणावे. पहिलीला प्रश्न विचारता येतो, दुसरीला विचारता येत नाही. दुसरीचा केवळ अर्थ लावता येतो.

मराठी समाजाला या दोन्हींचा अनुभव आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे घडले ते भाषेत इतके रुतले की ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार इतिहास न शिकलेल्याच्याही तोंडी असतो, आणि आजही त्या दिवशी महाराष्ट्रातून माणसे हरियाणातील काला आंब या ठिकाणच्या स्मारकापाशी जातात. त्या लढाईतून जिवंत परतलेल्यांत तरुण नाना फडणवीस होते आणि त्यांच्या आत्मचरित्रात त्या पलायनाचे वर्णन आहे. म्हणजे एक साक्ष कागदावर उतरली. परंतु जे हजारो शिलेदार, बारगीर, बाजारबुणगे आणि यात्रेकरू पायी परतले, त्यांनी घरी जे सांगितले असेल ते दोन-तीन पिढ्यांत विरून गेले. साक्षीदार होते, ऐकणारेही होते. नव्हती ती नोंद करून ठेवण्याची रीत.

भीमा कोरेगावचे उदाहरण दुसऱ्या बाजूने बोलके आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर ईस्ट इंडिया कंपनीने तेथे विजयस्तंभ उभारला, तो कंपनीच्या पराक्रमाची खूण म्हणून. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे भेट दिली आणि त्याच दगडाला वेगळा अर्थ आला : ज्यांना अस्पृश्य मानले गेले त्यांच्या पूर्वजांच्या शौर्याचा लेखी पुरावा. १९४१ मध्ये उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटच्या बोधचिन्हावर एके काळी हाच स्तंभ होता, आणि त्या रेजिमेंटचे माजी सैनिक आजही तेथे मानवंदना देतात. स्तंभ तोच राहिला, पण तेथे कोण जाते आणि कोणाचे बोट धरून जाते यानुसार त्याचा अर्थ बदलला. रणभूमीवर विद्यार्थ्याला कोणी न्यावे हा प्रश्न म्हणूनच गौण नाही.

३. जमीन हे साधन

युद्धाचा अभ्यास जमिनीवर करण्याची पद्धत सैन्यांत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या सैन्याने ‘स्टाफ राइड’ नावाची शिक्षणपद्धती रूढ केली. तीत अधिकारी घोड्यावरून युद्धक्षेत्र हिंडत आणि प्रत्येक वळणावर त्यांना विचारले जाई की येथे तुमच्या हाती तुकडी असती तर तुम्ही काय केले असते. कारण असे की, पुस्तकातला सेनापती नेहमी सर्व काही पाहत असतो, तर जमिनीवरचा सेनापती समोरच्या टेकडीपलीकडचे पाहू शकत नाही. निरीक्षकाच्या किंवा तोफेच्या नजरेआड राहणाऱ्या अशा जमिनीला सैनिकी परिभाषेत ‘मृत जमीन’ म्हणतात. हल्ला करणारा तिच्या आडून सरकतो आणि बचाव करणारा तिचीच धास्ती घेतो.

मराठ्यांच्या इतिहासलेखनातही ही दृष्टी परकी नाही. त्र्यं. शं. शेजवलकरांनी पानिपतावर लिहिताना कागदपत्रांइतकेच महत्त्व स्थळाच्या पाहणीला दिले, गो. स. सरदेसाई आणि जदुनाथ सरकार हेही ऐतिहासिक स्थळे स्वतः हिंडून पाहणारे अभ्यासक होते. या परंपरेने जमीन पाहिली, पण तिच्या वाट्याला जिवंत साक्षीदार आला नाही, कारण तिचा विषयच दीड-दोनशे वर्षांपूर्वीचा होता. विसाव्या शतकातील युद्धांच्या बाबतीत जमीन आणि साक्षीदार दोन्ही हाताशी आहेत, आणि नेमक्या याच युद्धांकडे शालेय शिक्षण चार ओळींत पाहून पुढे जाते.

४. द्रासच्या रस्त्यावरून

१९९९ च्या मे ते जुलै या काळातील कारगिल युद्धाचे कारण पाठ्यपुस्तकात ‘घुसखोरांनी शिखरे बळकावली’ अशा एका वाक्यात येते. बर्फाच्छादित, निर्जन शिखरे परत घेण्यासाठी ५२७ सैनिकांचे प्राण का द्यावे लागले, हे त्या वाक्यातून कळत नाही. द्रास येथील युद्धस्मारकाच्या प्रांगणात उभे राहिल्यावर मात्र एका दृष्टिक्षेपात पुष्कळ उलगडते : पाठीशी तोलोलिंगचा डोंगर आहे आणि समोरून श्रीनगर-लेह महामार्ग जातो. जो तोलोलिंगवर बसला आहे त्याला रस्त्यावरचा प्रत्येक ट्रक दिसतो. जे दिसते त्याच्यावर तोफांचा मारा करवता येतो. आणि हा रस्ता बंद पडला की लडाखमधील सैन्याच्या रसदीची मुख्य वाट तुटते. १३ जून १९९९ रोजी तोलोलिंग आणि ४ जुलै रोजी टायगर हिल परत मिळवणे का अटळ होते, याचे उत्तर त्या रस्त्याकडे पाहून मिळते.

एवढे एखादा चांगला शिक्षकही सांगू शकेल. युद्धसाक्षी त्यात भर घालतो ती वेगळ्या प्रकारची असते. उंचीवर दहा पावले चढून थांबावे लागते. उघड्या, झाडझुडूप नसलेल्या कड्यावर दिवसा हालचाल म्हणजे मरण, म्हणून चढाई रात्रीची असते. पाठीवर दारूगोळा जास्त घ्यायचा तर अन्न आणि पाणी कमी घ्यावे लागते. एका जखमीला खाली आणायला अनेक धडधाकट माणसे गुंततात. हा तपशील शौर्यकथेत सहसा नसतो, कारण शौर्यकथेला शेवटचा हल्ला हवा असतो. युद्धाचा बहुतेक वेळ मात्र ओझे, थंडी, तहान आणि वाट पाहणे यांत जातो. शिवाय हेच बोलणे शाळेच्या सभागृहात झाले तर ते भाषण होते, पण त्या उतारावर झाले तर त्याची पडताळणी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या धापेने होते.

महाराष्ट्रातून कारगिलकडे जाण्याची वाट काही प्रमाणात रुळलेली आहे. मुंबईच्या अनुराधा प्रभुदेसाई यांनी कारगिलच्या स्मारकभेटीनंतर सुरू केलेल्या ‘लक्ष्य फाउंडेशन’ने नागरिकांना आणि तरुणांना तेथे नेऊन सैनिकांशी भेट घडवण्याचे काम केले आहे. शासनाच्या पातळीवर, पुण्यात १५ जानेवारी २०२५ रोजी साजऱ्या झालेल्या ७७ व्या सेनादिनाच्या निमित्ताने संरक्षण मंत्रालयाने ‘भारत रणभूमी दर्शन’ हा उपक्रम सुरू केला. त्यात गलवान, डोकलाम, सियाचेनचा तळ, रेझांग ला, लोंगेवाला अशा सीमावर्ती ठिकाणांची माहिती व तेथे जाण्याची व्यवस्था एकत्र आणली आहे. दारे उघडली आहेत, ही मोठी गोष्ट आहे. परंतु पर्यटक आणि विद्यार्थी यांच्यात फरक आहे, आणि तो फरक सोबत कोण आहे यावरून ठरतो.

५. दूरदेशीची मराठी रणभूमी

मराठी माणसाच्या रणभूमी केवळ महाराष्ट्रात किंवा हिमालयात नाहीत. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण, म्हणजे १७६८ मध्ये उभी राहिलेली ‘जंगी पलटण’, डिसेंबर १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातील जमालपूर येथे लढली. लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार यांच्या नेतृत्वाखाली या पलटणीने शहराच्या दक्षिणेकडून ढाक्याचा रस्ता अडवला. शरण येण्याच्या निरोपाला पाकिस्तानी कमांडरने पत्रासोबत बंदुकीची गोळी पाठवून उत्तर दिले; १० डिसेंबरच्या रात्री त्याच्या सैन्याने कोंडी फोडण्याचा प्रयत्न केला, तो मोडून पडला आणि दुसऱ्या दिवशी जमालपूर पडले. ही लढाई आजच्या बांगलादेशात झाल्याने मराठी विद्यार्थ्याला तेथे जाणे सोपे नाही, तरी १९७१ च्या विजयदिनानिमित्त भारताचे युद्धसाक्षी ढाक्याला आणि तेथील मुक्तियोद्धे कोलकात्याला जाण्याची प्रथा दोन्ही देशांनी चालवली आहे. तिच्यात विद्यार्थ्यांना जागा मिळाली, तर एका घटनेच्या दोन भाषांतील साक्षी एकाच वेळी ऐकण्याची संधी त्यांना लाभेल.

त्याहून दूर इटलीत रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे नाव कोरलेले आहे. नायक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी वरच्या तिबर खोऱ्यातील लढाईत वयाच्या बाविसाव्या वर्षी वीरमरण आले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नगर जिल्ह्यातील शिपाई नामदेव जाधव यांना तोच सन्मान ९ एप्रिल १९४५ च्या सेनिओ नदीवरील पराक्रमासाठी जिवंतपणी मिळाला. इटलीच्या मोहिमेत ५० हजारांहून अधिक भारतीय सैनिक होते आणि त्यांपैकी ५,७८२ तेथे मरण पावले. जुलै २०२३ मध्ये मोंतोने या इटालियन गावाने घाडगे यांच्या नावे सूर्यघड्याळाच्या रूपातील स्मारक उभारले. त्यावरील लॅटिन ओळीचा आशय असा की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. माणगावात घाडगे यांचा पुतळा आहे, मोंतोनेत सूर्यघड्याळ आहे. या दोन ठिकाणांना जोडणारा विद्यार्थ्यांचा प्रवास रूढ झालेला नाही. आणि आता तो सुरू झाला तरी सोबत न्यायला १९४४ चा साक्षीदार मिळणे जवळजवळ अशक्य आहे.

इतर देशांनी ही वेळ ओळखलेली दिसते. अमेरिकेतील मिझुरी राज्याच्या कॉलेज ऑफ द ओझार्क्स या महाविद्यालयाने २००९ पासून विद्यार्थी आणि युद्धसाक्षी यांच्या जोड्या लावून त्यांना जुन्या युद्धक्षेत्रांवर नेण्याचा कार्यक्रम राबवला. एका साक्षीदाराची देखभाल आणि त्याचे म्हणणे ऐकणे ही एका विद्यार्थ्याची जबाबदारी असते. इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धाच्या शताब्दीनिमित्त २०१४ पासून प्रत्येक सरकारी माध्यमिक शाळेतील दोन विद्यार्थी आणि एक शिक्षक यांना पश्चिम आघाडीवर पाठवण्याची योजना आखली गेली. तेव्हा त्या युद्धाचा एकही सैनिक हयात नव्हता. दोन्ही उपक्रम मोलाचे आहेत, पण पहिल्यात विद्यार्थी साक्ष ऐकतो आणि दुसऱ्यात थडग्यावरचे नाव वाचतो. भारताला १९६५, १९७१ आणि १९९९ या युद्धांच्या बाबतीत अजून पहिला मार्ग मोकळा आहे.

६. पद्धतीचे धोके

साक्षीदार म्हणजे सत्य, असे समजणे ही या पद्धतीची पहिली चूक ठरेल. खंदकातील सैनिकाला पन्नास मीटरचे युद्ध दिसते. वर्षानुवर्षे सांगून गोष्टीला घाट येतो. सोबत्याने पाहिलेले कधी कधी स्वतःच पाहिल्यासारखे वाटू लागते. म्हणून साक्ष कागदाशी ताडून पाहावी लागते. प्रत्येक पलटण मोहिमेच्या काळात रोजची नोंद ठेवते, तिला ‘युद्धदैनंदिनी’ म्हणतात. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने मंजूर केलेल्या धोरणानुसार अशी कागदपत्रे साधारणपणे २५ वर्षांत खुली करावयाची आहेत. दैनंदिनी वेळ आणि ठिकाण सांगेल, साक्षीदार भीती आणि भूक सांगेल. विद्यार्थ्याने दोन्हींत जुळते काय आणि जुळत नाही काय याची नोंद करावी, हाच इतिहासाच्या शिक्षणाचा गाभा आहे.

दुसरा धोका साक्षीदारालाच आहे. ज्या उतारावर सोबती पडला तेथे परत उभे राहणे सर्वांना झेपते असे नाही. युद्धाचा मनावरील आघात अनेक वर्षांनी उफाळून येऊ शकतो. त्यामुळे न बोलण्याचा हक्क त्याला आधीच मिळाला पाहिजे, आणि ‘तुम्ही किती मारले?’ हा प्रश्न विचारायचा नसतो हे विद्यार्थ्यांना निघण्यापूर्वी शिकवले पाहिजे.

तिसरा धोका शत्रूला चेहरा नसण्याचा आहे. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या रणगाड्यांच्या लढाईत वयाच्या एकविसाव्या वर्षी धारातीर्थी पडले आणि परमवीर चक्राचे मानकरी ठरले. २००१ मध्ये त्यांचे वडील, स्वतः निवृत्त ब्रिगेडियर असलेले एम. एल. खेत्रपाल, आपले जन्मगाव पाहण्यासाठी पाकिस्तानात गेले असता त्यांचे यजमान ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी निरोपाच्या वेळी सांगितले की अरुण माझ्याच हातून मारला गेला, आणि हे सांगताना त्यांनी त्याच्या शौर्याला मान दिला. प्रत्यक्ष लढलेल्या माणसाच्या बोलण्यात शत्रूविषयी जो तोल असतो, तो न लढलेल्यांच्या घोषणांत क्वचितच आढळतो. विद्यार्थ्यांना युद्धसाक्ष्यासोबत पाठवण्याचे हेही एक कारण आहे.

७. गोडदेवपासून सुरुवात

ही पद्धत शिकण्यासाठी पहिला प्रवास द्रासचा असण्याची गरज नाही. उदाहरणार्थ, गोडदेव हे मुंबईजवळच्या भाईंदर पूर्वेचे जुने गाव ज्या भूभागात आहे, तो भूभागच मराठ्यांनी पोर्तुगीजांविरुद्ध काढलेल्या १७३७ ते १७३९ या काळातील वसई मोहिमेचे क्षेत्र होता. लोहमार्ग ओलांडून पश्चिमेला गेले की चौक-डोंगरीच्या बाजूला धारावी किल्ल्याची टेकडी लागते. हे नाव मुंबईतील धारावीशी गल्लत करण्यासारखे असले तरी जागा निराळी. टेकडीवर उभे राहिले की समोर वसईची खाडी, तिचे मुख आणि पलीकडे वसईचा किल्ला असा सारा डाव दिसतो. चिमाजी अप्पांच्या सैन्याला वसईपूर्वी ही जागा का हवी होती, आणि पोर्तुगीज तिच्यासाठी का झुंजले, हे तोफखान्यात नोकरी केलेला एखादा निवृत्त हवालदार पाच मिनिटांत दाखवील : येथील तोफ खाडीत शिरणाऱ्या गलबताला अडवू शकते, आणि खाडी अडली की किल्ल्याची रसद अडते. द्रासचा रस्ता आणि वसईची खाडी यांत अडीचशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे; तर्क एकच आहे.

याच टेकडीवर दुसऱ्या बाजूची स्मृतीही ऐकता येते. चौक, डोंगरी, पाली, उत्तन या गावांतील ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज त्या युद्धात विजेत्यांच्या किंवा पराभूतांच्या यादीत नव्हते. युद्ध त्यांच्या शेतांतून आणि चर्चच्या आवारांतून गेले. मे १७३९ मध्ये वसई पडली तेव्हा पोर्तुगीज शिबंदीला सन्मानाने, शस्त्रांसह बाहेर जाऊ देण्यात आले आणि ख्रिस्ती उपासनेला मुभा राहिली, ही तहाची बाजूही सुरुंगांनी फोडलेल्या बुरुजाइतकीच विद्यार्थ्यांनी पाहावी.

शिवाय युद्ध मीरा-भाईंदरपासून दूर नाही. मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे ७ ऑगस्ट २०१८ रोजी काश्मीरमधील गुरेझ क्षेत्रात हुतात्मा झाले. त्यांच्या पिढीतील अनेकांनी ज्या शाळा पाहिल्या, त्याच शाळांतील मुलांसमोर आज हा विषय आहे.

साक्षीदार कोठे शोधावेत, याचे उत्तर सैन्याच्या नोकरीच्या रचनेत आहे. शिपाई पदावरचा माणूस बहुधा चाळिशीच्या आतबाहेर निवृत्त होतो आणि दुसरी नोकरी धरतो. बँकेच्या दारात, एटीएमपाशी, गृहसंकुलाच्या फाटकावर उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकांत माजी सैनिक मोठ्या संख्येने असतात. ज्याला विद्यार्थी रोज येता-जाता वहीत नाव लिहिणारा माणूस म्हणून ओळखतो, तो १९९९ मध्ये द्रासच्या खोऱ्यात असू शकतो. त्याला शोधण्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, शाळा-महाविद्यालयांत १९४८ पासून चालत आलेली राष्ट्रीय छात्रसेना आहे. काम तीन पायऱ्यांचे आहे : प्रत्येक शाळेने आपल्या परिसरातील युद्धसाक्ष्यांची, त्यांच्या संमतीने, यादी करावी; पहिल्या वर्षी त्यांच्यासह धारावी आणि वसई पायी पाहावी; दुसऱ्या वर्षी, पुरेशी तयारी झाल्यावर, एका छोट्या गटाने द्रास किंवा लोंगेवाला गाठावे आणि परत आल्यावर साक्षीची ध्वनिमुद्रणे व लेखी नोंदी गावाच्या वाचनालयात ठेवाव्यात.

१९७१ मध्ये वीस वर्षांचा असलेला शिपाई २०२५ मध्ये चौऱ्याहत्तर वर्षांचा झाला. १९६२ मध्ये वीस वर्षांचा असलेला, हयात असल्यास, त्र्याऐंशी वर्षांचा. प्रवासखर्च, परवानग्या आणि सुट्ट्या यांची जुळवाजुळव पुढच्या वर्षावर ढकलता येते. यादीचे काम मात्र या वर्षीच झाले पाहिजे, आणि त्याची सुरुवात आपल्याच इमारतीच्या फाटकावर थांबून ‘आपण कोणत्या पलटणीत होता?’ असे विचारण्याने करता येईल.